अकूस्टिक गिटारमध्ये तुमची सगळ्यात आवडती कोणती, आणि का?

गिब्सन जे-४५. १९४२ पासून बनतेय. मार्टिन डी-२८ थोर आहेच, वाद नाही. स्प्रूस लाकडाचा टॉप, रोझवूडची पाठ, खर्जात अशी घुमते की हात थांबला तरी सूर खोलीत रेंगाळतो. पण तोच घुमारा मला गाताना आड येतो. जे-४५ची पाठ आणि बाजू महोगनीच्या, त्यामुळे आवाज कोरडा, नेमका. गळ्याला जागा सोडतो. शिवाय तिची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंचांची, डी-२८ची २५.४. ऐकायला फरक किरकोळ, पण तारांचा ताण कमी होतो आणि एफचा बार, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरताना पहिल्या बोटाला लगेच कळतं.

अर्थात या दोन्ही मित्रांच्या! माझ्याकडे आहे यामाहा एफजी८००. पाठ प्लायची असली तरी टॉप सलग स्प्रूसचा, आणि या किमतीत मला तेवढं पुरे. फक्त पावसाळ्यात नखरे करते. डोंबिवलीच्या दमट हवेत टॉप किंचित फुगतो, तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून) वर उठतात, बाराव्या फ्रेटवर दाबायला जोर लागतो. मग केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या.