जमिनीवरच्या कासवासाठी पाण्याचं भांडं कोणतं घ्यावं?

तुमचं कासव जमिनीवर राहणारं, तळहाताएवढं आहे, आणि खडकासारखं दिसणारं, आतून पायऱ्या असलेलं तयार भांडं त्याला चालेल का असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ते घेऊ नका. कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट बशी आणा. चकचकीत लेप नसलेली, हाताला खरखरीत लागणारी.

मी सुरुवातीला तुम्ही म्हणताय तसलंच खोलगट भांडं ठेवलं होतं. एका सकाळी पाहिलं तर कासव त्यात उताणं पडलेलं. बाहेर येताना पुढचे पाय काठावर टेकले असावेत, मागचे गुळगुळीत तळावरून सटकले असावेत, आणि ते मागच्या मागे कलंडलं असावं. पाणी थोडंच होतं म्हणून नाक वर राहिलं आणि ते वाचलं. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

पाण्यातल्या कासवाचं आणि याचं गणित वेगळं. याला पोहता येत नाही. पाय खांबासारखे, अंगावर कवचाचं ओझं. त्यातून फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात, त्यामुळे उताणं पडलं की आतड्यांचा सगळा भार त्यांच्यावर येतो आणि श्वास घेणं जड जातं. अशा वेळी बोटभर पाणीसुद्धा जीव घेऊ शकतं. म्हणून भांडं निवडताना ‘यातून पिता येईल का’ एवढंच बघू नका. आत गेलेलं कासव सहज बाहेर येईल का, हे आधी बघा.

बशी एवढी रुंद हवी की कासव अख्खं आत मावून वळू शकेल. काठ बुटका आणि उतरता हवा. ती नुसती वर ठेवू नका. खालच्या मातीत खड्डा करून अशी बसवा की काठ जमिनीच्या पातळीला येईल. मग चढउतार उरत नाही, आणि काठावर पाय पडला तरी बशी उलटत नाही. पाणी किती? कासव आत उभं असताना हनुवटीपर्यंत, त्याहून वर नाही. पिल्लू असेल तर सेंटीमीटरभर पुरे. घसरू नये म्हणून तळाशी गोटे घालायचा मोह होईल, पण बारीक खडे कासव गिळतं, म्हणून काही घालू नका. मातीचा खरखरीतपणा पुरतो.

पातळ प्लास्टिक हलकं असल्यामुळे सरकतं, आणि काही कासवं त्याचे काठ चावतात. धातूचं भांडं कासवाला ऊब देणाऱ्या दिव्याखाली तापतं. तशी कुठलीच बशी या दिव्याच्या बरोबर खाली नको. पाणी लवकर आटतं आणि खराबही होतं.

मातीच्या बशीचा एक तोटा आहे, ती पाझरते. खालची माती ओली राहते, ती अधूनमधून बदलावी लागते. मी दोन बश्या ठेवल्यात. एक वापरात असते, दुसरी घासून उन्हात वाळत असते. साबण मातीत मुरतो, म्हणून गरम पाणी आणि ब्रश एवढंच वापरते. पाणी रोज बदलायचं. पाण्यात शिरलं की कासव बऱ्याचदा तिथेच शी-शू करतं, आणि मग तेच पाणी पितं. बशी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा. कासव ठणठणीत दिसलं तरी त्याच्याकडून साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू माणसात येऊ शकतो.

‘ही कोरड्या प्रदेशातली कासवं, यांना पाणी लागत नाही’ असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. ऐकू नका. पाणी मिळालं की ती डोकं बुडवून बराच वेळ पितात. पाणी कमी पडलं की लघवीबरोबर येणारा पांढरा भाग टूथपेस्टसारखा मऊ न राहता रेतीसारखा खरखरीत होतो, आणि पुढे मूत्राशयात खडाही होऊ शकतो. तसं दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा.

तुमचं अजून लहान आहे, तेव्हा बशीखेरीज आठवड्यातून दोन-तीनदा कोमट, उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. तेवढा वेळ तिथून उठू नका, फोन वाजला तरी.