८१ वर्षांच्या वडिलांचं बीपी १२० च्या खाली आणायला नको का? अभ्यास एक सांगतो आणि डॉक्टर दुसरंच

तुम्ही लिहिलंय की वडील ८१ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे, तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला आणि अलीकडे दोनदा तोल जाऊन पडले. डॉक्टरांनी बीपीच्या तीन गोळ्यांतली एक बंद केली आणि ‘वरचा आकडा १४० च्या आसपास राहिला तरी चालेल’ म्हणाले. तुमच्या भाच्याने मात्र एक मोठा अमेरिकन अभ्यास काढून दाखवला. त्यात ७५ च्या पुढच्या माणसांनाही १२० च्या खाली आणल्याने फायदा झाला होता. म्हणून तुम्ही विचारताय की वय झालं म्हणून डॉक्टर हात आखडता घेतायत का.

मी ज्येष्ठ रुग्णांवरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये (म्हणजे उपचार माणसांवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासांत) समन्वयक म्हणून काम करते. कोण अभ्यासात बसतं, कोण बसत नाही हे तपासणं, संमती घेणं, मोजमापं घेणं हे माझं रोजचं काम. औषध लिहून देणं माझं काम नाही, त्यामुळे गोळी परत सुरू करावी का यावर मी बोलणार नाही. पण तो अभ्यास कसा वाचायचा ते सांगू शकते. आणि माझं मत आधीच सांगून टाकते: तुमच्या डॉक्टरांचा निर्णय त्या अभ्यासाच्या विरोधात जात नाही, कारण तुमच्या वडिलांना त्या अभ्यासात घेतलंच नसतं.

भाच्याने दाखवला तो ‘स्प्रिंट’ असणार. २०१५ मध्ये त्याचे मुख्य निकाल आले, एकूण ९,३६१ माणसं. त्यातल्या ७५ च्या पुढच्या २,६३६ जणांचा वेगळा निकाल २०१६ मध्ये छापला गेला. एका गटाचं वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं ठरलं होतं, दुसऱ्याचं १४० च्या खाली. साधारण तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद कमी पडणं) वगैरे मिळून १२० वाल्या गटात १,३१७ पैकी १०२ जणांना त्रास झाला, १४० वाल्या गटात १,३१९ पैकी १४८ जणांना. मृत्यूही कमी झाले. निकाल खणखणीत आहे आणि भाच्याने चूक काही वाचलेलं नाही.

फक्त त्याने बहुतेक सारांश वाचला. मी असा कुठलाही पेपर हातात आला की निकालाआधी ‘कोणाला घेतलं नाही’ हा भाग वाचते. स्प्रिंटमध्ये मधुमेह असलेल्यांना घेतलं नव्हतं. पक्षाघात होऊन गेलेल्यांना घेतलं नव्हतं. स्मृतिभ्रंशाचं निदान झालेले, नर्सिंग होममध्ये राहणारे, गेल्या सहा महिन्यांत कारण नसताना वजन बरंच उतरलेले, हे सगळे बाहेर. आणखी एक अट मला फार बोलकी वाटते: उभं राहिल्यावर एका मिनिटाने वरचं बीपी ११० च्या खाली जात असेल तरी तो माणूस बाहेर. म्हणजे उभं राहताच ज्याचं बीपी इतकं उतरतं, त्याला आधीच बाजूला काढलं होतं. तुमच्या वडिलांचं एकच नाही, दोन ठळक कारणांनी नाव कटलं असतं, आणि तिसरं तपासायला लागलं असतं.

यात लबाडी नाही हं. ट्रायल करणाऱ्याला उत्तर स्पष्ट हवं असतं. दहा आजार, बारा गोळ्या असलेला माणूस घेतला की काय कशामुळे झालं ते कळत नाही, आणि तो मधूनच सोडून जाण्याची भीती असते. तेही मी रोज बघते: तपासणीला घेऊन यायला घरात कोणी मोकळं नसतं, ऐकू कमी येतं, संमतीपत्र पानंच्या पानं असतं. पण याचा परिणाम असा की ज्यांच्यासाठी उत्तर सगळ्यात जास्त हवं, तेच पुराव्यात सगळ्यात कमी दिसतात.

स्प्रिंटवाल्यांनी थकलेल्या माणसांना सरसकट वगळलं असंही नाही. ७५ च्या पुढच्यांची चालण्याची गती त्यांनी मोजली होती. ही चाचणी मी अनेकदा घेते. जमिनीवर चार मीटरची खूण असते, हातात स्टॉपवॉच. सांगायचं एवढंच, ‘रोज चालता तसं चाला.’ तरी बहुतेक आजी-आजोबा परीक्षा असल्यासारखे ताठ होतात आणि तरातरा निघतात. मग थांबवून पुन्हा सुरुवात करायची. काहीजण भिंतीला हलकासा हात लावत येतात आणि विचारलं की म्हणतात, ‘नाही नाही, आधार नाही घेतला.’ चार मीटरला पाच सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटरहून कमी, की मंद गती धरतात. अशा मंद चालणाऱ्यांमध्येही स्प्रिंटचा कल फायद्याकडेच होता. हे मान्य करायला हवं. त्यामुळे ‘म्हातारा माणूस, आता कशाला बीपी बघता’ असं म्हणणाऱ्यांना हा अभ्यास चांगलं उत्तर आहे. पण ते मंद चालणारेसुद्धा मधुमेह नसलेले, झटका न आलेले आणि ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर होऊ शकणारे होते.

मोजण्याची पद्धतही बघा. तिथे माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, मग मशीन तीनदा मोजणार आणि सरासरी धरायची. दवाखान्यात आपण जिना चढून येतो, खुर्चीत टेकतो आणि बोलता बोलता पट्टा बांधला जातो. तसा आकडा बहुतेक वेळा चढाच येतो. म्हणून स्प्रिंटचे १२० आणि दवाखान्यातले १२० एकच धरून गोळ्या वाढवत गेलात, तर प्रत्यक्षात त्याहून बरंच खाली नेऊन ठेवाल.

मधुमेहींचं काय? २०१० मध्ये ‘ॲकॉर्ड’च्या बीपी भागात ४,७३३ मधुमेहींवर हेच १२० विरुद्ध १४० करून पाहिलं. मुख्य निकालात लक्षणीय फरक निघाला नाही, पक्षाघात मात्र कमी झाले. २०२४ मध्ये चीनमधल्या ‘बीप्रोड’ने मधुमेहींमध्ये १२० चा फायदा दाखवला, पण तिथलं सरासरी वय ६४ च्या घरात. चीनमधलाच २०२१ चा ‘स्टेप’ तर खास ज्येष्ठांसाठी होता, वयोमर्यादा ६० ते ८०. तुमचे वडील एका वर्षाने हुकले, आणि त्यातही झटका येऊन गेलेल्यांना प्रवेश नव्हताच.

ऐंशीच्या पुढच्यांसाठी खास म्हणावा असा अभ्यास म्हणजे २००८ चा ‘हायव्हेट’. ३,८४५ माणसं, सगळी ८० किंवा त्याहून मोठी. तोवर या वयात बीपी उतरवावं की नाही यावरच वाद होता. हायव्हेटमध्ये उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी, आणि अभ्यास मुदतीआधी थांबवला. आता त्यांचं लक्ष्य किती होतं? १५०/८०. तुमचे डॉक्टर १४० म्हणतायत. तेव्हा त्यांनी वडिलांना वाऱ्यावर सोडलंय असं मला तरी दिसत नाही. (हायव्हेटमध्येही उभं असताना वरचं बीपी किमान १४० असलेलेच घेतले होते. उभं करून बीपी बघणं हा विषय परत परत येतोय, कारण तो खरंच महत्त्वाचा आहे.)

आता जरा बीपी सोडून दुसरं उदाहरण देते. ट्रायलबाहेरच्या माणसाला ट्रायलचा निकाल लावला की काय होतं, हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही.

१९९९ मध्ये ‘राल्स’ नावाचा अभ्यास आला. गंभीर हार्ट फेल्युअरच्या १,६६३ रुग्णांपैकी ज्यांना स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारं, पण शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारं औषध) दिलं, त्यांच्यात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. औषध स्वस्त, जुनं, ओळखीचं. डॉक्टरांनी ते धडाक्यात सुरू केलं, आणि का नाही करणार? पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात संशोधकांनी ६६ च्या पुढच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २००४ मध्ये निकाल छापला. हार्ट फेल्युअरसाठी आधीच एसीई इनहिबिटर (बीपी उतरवणाऱ्या गोळ्यांचा एक प्रकार, त्यानेही पोटॅशियम वाढू शकतं) घेणाऱ्या रुग्णांत, रक्तातलं पोटॅशियम वाढून इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ झालं. त्यातून होणारे मृत्यूही हजारी ०.३ वरून २ वर गेले.

औषध तेच. राल्समधल्या रुग्णांचं सरासरी वय ६५ होतं, मूत्रपिंडं फार बिघडलेल्यांना आणि पोटॅशियम आधीच वर असलेल्यांना वगळलं होतं, आणि पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी रक्त तपासलं जात होतं. बाहेरच्या जगात वयस्कर माणसाला गोळी मिळाली, ती दर महिन्याची रक्ततपासणी अनेकांना मिळाली नाही. ट्रायलमध्ये गोळीबरोबर आमच्यासारखी माणसं पण मिळतात, जी फोन करकरून बोलावून घेतात. निकालात त्या फोनचा वाटा किती, हे कुठल्याच आलेखात येत नाही.

याला जोडूनच मूत्रपिंडाचं सांगते, कारण इथे घरचे हमखास फसतात. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.० आलं की ‘नॉर्मल’ म्हणून आपण कागद मिटतो. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ. पण ते तयार होतं स्नायूंतून. स्नायू झडले की ते तयारच कमी होतं, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली तरी आकडा चांगला दिसतो. मूत्रपिंडं मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त गाळून साफ करतात, याचा अंदाज देणारं, १९७६ पासून वापरात असलेलं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लावून बघा: १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणा. ३० वर्षांचा ७० किलोचा तरुण आणि ८५ वर्षांच्या ४५ किलोच्या आजी, दोघांचं क्रिएटिनिन १.० असेल तर तरुणाचा आकडा येतो १०७ च्या आसपास आणि आजींचा २९. कितीतरी औषधांचा डोस या पातळीला बदलावा लागतो. हे गणित अंदाजाचंच आहे, त्यावरून घरी डोस ठरवू नका. पण आधी सोसलेली गोळी नंतर का सोसत नाही, ते यातून कळतं.

आणि एकदा जमलेली घडी मोडण्यातही धोका असतो. नेदरलँड्समध्ये ‘फ्रेल-एएफ’ नावाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आला. हृदयाचे ठोके अनियमित असलेले, ७५ च्या पुढचे, थकलेले रुग्ण. रक्त पातळ ठेवण्याच्या जुन्या गोळ्यांवरून अर्ध्यांना नव्या गोळ्यांवर आणलं. इतर रुग्णांवरच्या आधीच्या अभ्यासांमुळे नव्या गोळ्या जास्त सुरक्षित मानल्या जायच्या. इथे उलटं झालं. वर्षभरात दखल घेण्याजोगा रक्तस्राव नव्या गोळीच्या गटात १५.३ टक्के जणांना झाला, जुनीच चालू ठेवलेल्यांत ९.४ टक्के जणांना. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. मला हा अभ्यास मनापासून आवडतो. कारण त्यांनी नेहमी वगळली जाणारी माणसंच मुद्दाम घेतली, आणि अंदाजाने चाललेली एक गोष्ट खोटी ठरवली.

तुमच्या भाच्याला आणखी एक गोष्ट सांगा: मोजलं काय, ते बघ. हार्ट अटॅक टळला हे महत्त्वाचंच, पण ८१ व्या वर्षी माणसाला स्वतःच्या पायावर बाथरूमपर्यंत जाता येणं त्याहून कमी महत्त्वाचं नाही. ‘ॲस्प्री’ने हे नीट केलं. ७० च्या आसपासच्या आणि पुढच्या १९,११४ धडधाकट माणसांना ॲस्पिरिन किंवा बिनऔषधी गोळी दिली आणि मोजलं काय, तर स्मृतिभ्रंश आणि परावलंबित्वाशिवाय किती जगले. २०१८ चा निकाल: ॲस्पिरिनने काही फायदा नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. (हे ज्यांना आधी हृदयविकार किंवा झटका नव्हता त्यांच्याबद्दल आहे. वडिलांना झटक्यानंतर ॲस्पिरिन दिलेलं असेल तर ते या वाक्यावरून बंद करू नका.)

आता तुम्ही काय करायचं. डॉक्टरांना ‘स्प्रिंट वाचलाय का’ असं विचारू नका, बहुधा वाचलेला असतो आणि उगाच वातावरण तापतं. त्याऐवजी विचारा की वडिलांचं बीपी आडवं असताना आणि उभं केल्यावर मोजलंय का. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याची नोंद घेतात, आणि गोळी कमी करण्यामागे बहुतेक हेच असेल. घरी मशीन असेल तर आठवडाभर सकाळी, पाच मिनिटं स्वस्थ बसवून, आकडे वहीत लिहा. शेजारी उभं असतानाचा आकडाही लिहा, पण तो घेताना कोणीतरी धरायला जवळ असू द्या. दोनदा पडले तेव्हा नेमकं काय करत होते, गोळी घेऊन किती वेळ झाला होता, साखर किती होती, हे आठवून लिहून न्या. आकडे वर वर जात राहिले तर डॉक्टर स्वतःच पुन्हा विचार करतील. आणि अर्धांगाचा झटका पुन्हा टाळण्यासाठी बाकी काय काय चालू आहे हेही त्याच वेळी विचारून घ्या, कारण एका गोळीच्या चर्चेत तो प्रश्न मागे पडतो.