हप्ता महिन्याला येतो, कापूस नाही

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू आहे, कपाशी अन् तूर. चार वर्षांचा फोन दुपारीच मान टाकतो. तालुक्याचा दुकानदार २४,००० चा फोन ‘शून्य व्याजावर’ दोन-दोन हजारांच्या १२ हप्त्यांत द्यायला तयार आहे, फाइल चार्ज ६०० अन् त्यावर जीएसटी. रोख घेतला तर २२,५००. पीक कर्ज आत्ताच खात्यात आलं आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, फोन घ्या, पण आता मिरगात नाही.

आधी ते ‘शून्य’ पाहू. रोखीची दीड हजाराची सूट गेली, वर फाइल चार्ज जीएसटीसकट ७०८. म्हणजे २,२०८ रुपये जास्त. उसनवारी दर महिन्याला कमी होत जाते हे धरलं, तर हा दर वर्षाला साधारण १८ टक्के पडतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

पण माझी खरी भीती व्याजाची नाही. नोकरीवाल्याचा पगार दर एक तारखेला येतो, तुमचा कापूस दिवाळीच्या मागं-पुढं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन हप्ते कुठून भरणार? निंदणाच्या मजुरीतून की फवारणीच्या पैशातून? खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला, की बँक वेगळा दंड लावते, फायनान्सवाला वेगळा, अन् सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो निराळाच. पुढच्या हंगामात बँकेच्या साहेबासमोर तोच कागद निघतो.

मग पीक कर्जातूनच रोख घ्यावा, असंही मनात येईल. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर आपल्याकडे ते शून्य टक्क्यानं पडतं, अन् हे शून्य खरं आहे. पण त्यातले साडेबावीस हजार फोनमध्ये गेले, तर युरियाच्या वेळी कृषी केंद्राची उधारी करावी लागेल. ती काय भावानं पडते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

सध्या बॅटरी बदला. दीड-दोन हजारांत काम होतं. अशी बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की उतरणीला लागते, त्यात आपला उन्हाळा. टिनाखाली चार्जिंगला लावलेला फोन मे महिन्यात हाताला चटका देतो, त्याची बॅटरी काय टिकणार! सोबत ‘शुभ सकाळ’चे ढीगभर फोटो पुसा, फोन मोकळा श्वास घेईल. ऑगस्टात बांधावर ई-पीक पाहणीचा फोटो काढण्याएवढं तर तो नक्की करेल. ते काम चुकवू नका, सातबाऱ्यावर कपाशी चढली नाही तर विक्रीच्या वेळी धावपळ होते.

वेचणीची पूजा, म्हणजे सीतादही झाली, पहिल्या वेचणीचे पैसे हाती आले, तरी थांबा. त्यातून मजुरी अन् उधारी निघू द्या. दुसऱ्या वेचणीनंतर, डिसेंबर-जानेवारीत रोख घ्या. तोवर हाच फोन स्वस्तही झालेला असण्याची शक्यता आहे. कॅमेऱ्याच्या आकड्यांना भुलू नका. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार अन् सर्व्हिस सेंटर यवतमाळात आहे का, एवढं विचारा. साठवण १२८ जीबीपेक्षा कमी नको.

जुना घ्यायचा झालाच, तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा अन् पैसे देण्याआधी सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासा. बिल नसलेला फोन कितीही स्वस्त असला तरी दुकानातच ठेवून या.