एंगेलबर्ट केम्फर कोण होता, आणि डॉक्टर असून जपानच्या इतिहासात त्याचं नाव का येतं?

केम्फर जर्मनीतल्या लेमगो गावचा, जन्म 1651 चा. आधी स्वीडनच्या वकिलातीबरोबर रशियामार्गे इराणला गेला, मग डच ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर म्हणून लागला आणि 1690 ला नागासाकीला पोचला. तेव्हा जपानने डच सोडून बाकी युरोपियनांना दारं बंद केलेली, आणि डचांनाही देजिमा नावाच्या एवढ्याशा बेटावर जवळपास कोंडूनच ठेवलेलं. पण हा गप्प बसणारा नव्हता, दुभाष्यांना औषधं द्यायची, थोडं गणित-खगोल शिकवायचं, युरोपची दारू पाजायची आणि त्या बदल्यात माहिती, पुस्तकं, नकाशे मिळवायचे, जे खरंतर परदेशी माणसाला द्यायला सक्त बंदी होती. दोनदा एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जाऊन आला, तिथे शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) त्सुनायोशीसमोर त्याला चक्क नाचून, गाऊन दाखवायला लागलं!

1712 च्या त्याच्या लॅटिन ग्रंथात गिंको झाडाचं युरोपातलं पहिलं वर्णन आहे, शिवाय अ‍ॅक्युपंक्चरबद्दलही लिहिलंय. वाईट एवढंच वाटतं की जपानवरचं मोठं पुस्तक त्याच्या हयातीत छापलंच नाही. 1716 ला तो गेला, हस्तलिखितं लंडनच्या हान्स स्लोन या संग्राहकाने विकत घेतली आणि 1727 ला ते इंग्रजीत आलं.