नवीन गड्या, सुरुवात डकटेल्सपासून कर

जुने व्हिडिओ गेम खेळायला लागतोयस, तर पहिल्याच दिवशी लायन किंग लावू नको. दुसऱ्याच लेव्हलला माकडं सिंबाला (खेळातला छावा, म्हणजे तू) इकडून तिकडं फेकतात, अन् कोणत्या माकडावर आधी डरकाळी फोडायची हे कळेपर्यंत पोट्टे कंटाळून उठून जातात.

कॅपकॉम या गेम कंपनीचा १९८९ चा डकटेल्स घे. दूरदर्शनवर रविवारी लागायचं तेच कार्टून. त्यातल्या अंकल स्क्रूज बदकाची काठी म्हणजे सगळा खेळ: आधी उडी मार, मग हवेत असतानाच खाली जायचं बटण अन् बी बटण सोबत दाबून धर. काठीवर टुणटुण उड्या मारत शत्रूच्या डोक्यावरून, काट्यांवरूनही जाता येतं. हिमालयाच्या लेव्हलला मात्र सांभाळ, भुसभुशीत बर्फात काठी रुतून बसते. म्हणून हिमालय उशिरा खेळ. लेव्हल कोणत्याही क्रमानं निवडता येतात.

जुन्या कॅसेटवर हा गेम सेव्ह होत नाही. आपल्याकडं लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा मोबाईलवर एम्युलेटरमध्ये (जुने गेम चालवणारं ॲप) खेळणं बरं, तिथं पाहिजे तिथं सेव्ह करता येतं. पण दर उडीला सेव्ह करशील तर हात कधी बसणारच नाही, लेका. लेव्हलच्या सुरुवातीला एकदा, बस्स.

मोबाईलच्या काचेवरची बटणं या खेळाला कुचकामी. ओटीजी वायर (मोबाईलला यूएसबी वस्तू जोडायची) अन् साधा यूएसबी पॅड, म्हणजे हातात धरायचा बटणांचा कंट्रोलर, घे. टीव्हीवर जोडलं अन् उडी उशिरा लागली, तर टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू कर, त्यानं उशीर कमी होतो.

भाऊ सोबत असेल तर चिप अँड डेल हा गेम लाव. दोघं मिळून खेळता येतं. फक्त तो तुलाच उचलून फेकणार, हे धरून चाल.