राउटरच्या यादीत प्रत्येक उपकरणापुढे आयपी आणि मॅक असे दोन पत्ते दिसतात. टीव्हीसाठी एकच आयपी पत्ता राखून ठेवायचा तर ओळख म्हणून कोणता धरायचा?

मॅक अ‍ॅड्रेस धरा. तो त्या उपकरणाच्या नेटवर्क चिपला कारखान्यातच दिलेला असतो, आयपी मात्र राउटरने तात्पुरता वाटलेला असतो. राउटरमधली डीएचसीपी ही सेवा १९२.१६८.१.२३ सारखा मोकळा पत्ता ठरावीक मुदतीसाठी देते. मुदत संपल्यावर तोच पत्ता पुन्हा मिळेल याची हमी नाही, म्हणून तर राखून ठेवायची सोय आहे. मॅक ४८ बिटांचा असतो आणि दोन-दोन अंक-अक्षरांच्या सहा जोड्यांत लिहितात. त्यातल्या पहिल्या तीन जोड्या बहुतेक वेळा उत्पादक कंपनी दाखवतात. त्या आयईईई ही संस्था नेमून देते. यादीत अनोळखी नाव दिसलं तर आधी याच जोड्या शोधून बघा, निम्मं कोडं तिथेच सुटतं. आणि हो, टीव्हीच्या नेटवर्क केबलच्या जोडणीचा मॅक वेगळा, वायफायचा वेगळा. जी जोडणी वापरता तिचाच घ्या.

फोनच्या बाबतीत मात्र जपून. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन गोपनीयतेसाठी प्रत्येक वायफायला स्वतः बनवलेला वेगळा मॅक दाखवतात. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असाच बनवलेला आहे. अशा फोनसाठी पत्ता राखायचा असेल तर आधी फोनमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ मॅक निवडा.