तळघराच्या भिंतीतून पाझर: आतून कोटिंग मारण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाणेरच्या उतारावर बंगला, वीस वर्षांपूर्वीचं आरसीसी तळघर. जुलै लागला की टेकडीकडच्या भिंतीला ओल येते आणि फरशीच्या कडेने पाण्याची रेघ दिसते. ठेकेदार म्हणतोय, गिलावा खरवडून आतून केमिकल कोटिंग करू, दहा वर्षांची गॅरंटी. करावं का?

एवढ्यात नको. मी हेच दोनदा केलं. पहिलं कोटिंग दोन पावसाळे टिकलं, दुसरं एकच. गॅरंटीचा कागद अजून जपून ठेवलाय, त्यालाही ओल लागली आहे.

तुमच्याकडे काय होत असणार ते सांगतो. बांधकामाच्या वेळी मुरूम आणि काळा कातळ फोडून खड्डा केला. भिंत उभी राहिल्यावर ती आणि खड्ड्याची कड यांच्यातल्या फटीत हाताला लागेल ते भरलं: सुटी माती, विटांचे तुकडे, राडारोडा. म्हणजे घराभोवती एक अरुंद विहीरच झाली. टेकडीवर मुरलेलं पाणी मुरमातून उतरतं, कातळ लागला की त्याच्या पाठीवरून सरकत येतं आणि या फटीत पडतं. खाली कातळ, त्यामुळे लवकर जिरत नाही. साचलेल्या पाण्याचा दाब दर मीटर उंचीला चौरस मीटरमागे एक टन. आठ फुटी तळघराबाहेर पाणी काठोकाठ चढलं, तर भिंतीच्या तळाशी जवळजवळ अडीच टन. बाहेरून लावलेला थर पाणी भिंतीवर दाबून धरतं, आतला थर मात्र ढकलून सोडवतं. पापुद्रे निघतात ते यामुळे.

पण हे पावसाचंच पाणी आहे, याची आधी खात्री करा. मे महिन्यात भिंत खडखडीत कोरडी असते का? नसेल तर संशय जमिनीखालच्या टाकीवर किंवा ड्रेनेजवर घ्या. रात्री टाकीची आवक आणि पंप बंद करून पातळीची खूण करा, सकाळी बघा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये खायचा गडद रंग ओतून दोन-तीन दिवस भिंतीवर लक्ष ठेवा. नुसतीच दमट भिंत असेल तर दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर ती हवेतली वाफ, भिंतीच्या बाजूला दिसले तर पाझर. माझ्या शेजाऱ्यांनी टेकडीला दोन वर्षं शिव्या घातल्या आणि शेवटी सापडला तो बागेतल्या नळाचा फुटका पाईप.

पाऊसच निघाला, तर पहिलं काम भिंतीला हात न लावता करायचं. गच्चीचे पाईप भिंतीच्या पायथ्याशी ओतत असतील तर ते लांब न्या. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा असेल तर हलवा (घरात यावरून वाद होईल, आमच्याकडे झाला). घराभोवतीच्या फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, दहा फुटांत किमान सहा इंच.

मग टेकडीकडच्या बाजूने चर. ही खरी दुरुस्ती. भिंतीपासून अंतर राखून, मुरूम संपून कातळ लागेपर्यंत खणायचं. चरात जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, गाळ अडवणारं) अंथरायचं, त्यावर २० मिमी खडी, खडीत छिद्रांचा पीव्हीसी पाईप छिद्रं खाली करून, वर पुन्हा खडी, आणि कापडाची घडी मिटवून घ्यायची. कापड वाचवू नका, गाळाने चर तुंबतो. तुम्ही उतारावर आहात म्हणजे पाईपाचं तोंड खालच्या अंगाला उघडं सोडता येईल, पंपाचा खर्च नाही. मात्र चर चार-साडेचार फुटांपेक्षा खोल जाणार असेल किंवा कंपाउंडच्या भिंतीजवळून जाणार असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि बाजूंना आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय माणूस आत उतरवू नका. सुटी माती क्षणात ढासळते.

एवढं करून पुढच्या पावसात जिथे गळेल, तिथे पेन्सिलने खूण करून फोटो काढा. फरशीच्या कडेची रेघ म्हणजे बहुतेक भिंत आणि फरशीखालच्या स्लॅबचा सांधा. तिथे आणि ओल्या भेगांना पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन करा, म्हणजे भोकं पाडून पातळ रसायन दाबाने आत भरायचं. पाणी लागलं की ते फुगतं, त्यामुळे हे काम भर पावसातही होतं. एपॉक्सी (कडक होणारं रेझिन) कोरड्या भेगेसाठी. भोकं भेगेवर पाडायची नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, ४५ अंशांत तिरकी, भिंतीच्या मध्यावर भेगेला छेदतील अशी पाडायची, सहा-आठ इंचांवर एक पॅकर (रसायन भरायची भोकात बसवलेली नळी). भरायचं खालून वर. चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याला विचारा, पॅकर किती आणि माल किती किलो. तो गडबडला तर समजा. एक जागा बंद केली की पाणी शेजारून निघतं, तेव्हा दुसरी फेरी धरूनच बजेट करा. तांबूस डाग किंवा फुगलेलं काँक्रीट दिसलं, तर सळ्या गंजल्या आहेत. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.

यानंतर आतलं कोटिंग करायला हरकत नाही: स्फटिक तयार करणारं सिमेंटचं स्लरी, गिलावा काढून उघड्या, ओलसर काँक्रीटवर, दोन हात, नंतर दोन-तीन दिवस पाणी मारायचं. त्यावर पुट्टी किंवा पीओपी नको, लोणा फुटून गळून पडेल. लाकडी कपाटं त्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा. कोपऱ्यात छोटा समपिट (पाणी गोळा करायचा खड्डा) आणि फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप ठेवलात तर त्याला इन्व्हर्टर जोडा, कारण वीज जाते ती नेमकी धो धो पावसात.

टाकीच्या पातळीचं काय झालं आणि मेमध्ये भिंत कोरडी होती का, हे इथे लिहा. तुम्ही प्रश्नासोबत टाकलेल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात जाळीदार, खडी दिसणारं काँक्रीट वाटतंय, तिथला जवळून फोटोही टाका. ते हनीकोंबिंग (काँक्रीटमध्ये राहिलेल्या पोकळ्या) असेल तर तिथे आधी सिमेंट ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंट भरावं लागेल.